चित्रातल्या मयताची राखण

पहिलंच सांगून ठेवतो, म्हंजे मागून कुणी मला भोळा म्हणायचं न्हाई. भूत, देवऋषी, अंगारा, ताईत... ह्यातलं काहीच आमच्या घरात चालत न्हाई. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तवा घरातले देवांचे टाक फडक्यात बांधून नदीत सोडले, ते सोडलेच. मी भोकर तालुक्यातल्या एका गावात कोतवाल म्हणून उमर काढली. मसणवट्याच्या वाटेनं तलाठ्याचे कागद पोचवले, एक बी भूत भेटलं न्हाई. भेटलं असतं तर हाताला धरून पोलीस पाटलाकडं नेलं असतं.

शाळा तिसरीपर्यंत. म्हून मी बोलून राहिलो अन् माझी नात प्रज्ञा टाईप करून राहिली. तिला ताकीद दिलीय, शुद्धलेखन तुझं, बोलणं माझं. सुधारायला जाऊ नको.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली, लातूरची. औसा रोडला माझ्या मुलाचं, मिलिंदचं घर हाय. दुसरा मजला. त्याच्याकडंच माझी थोरली बहीण राहते. आक्का. तिचा नवरा लवकर गेला, लेकरू न्हाई, तिनंच मिलिंदला सांभाळून मोठा केला. आता तिला इसर पडलाय. जेवली तरी म्हणते जेवले न्हाई. सकाळ झाली की दाराशी जाऊन म्हणते, "मला भोकरला सोडा. किशाला भाकर द्यायचीय." किशा म्हंजे मी. समोर बसलेला असलो तरी तिला तो किशा लहानच पायजे.

एका सकाळी दार उघडं राहिलं अन् आक्का गेली.

मिलिंदचा फोन आला तसा मी भोकरहून निघालो. येताना वाटेतल्या प्रत्येक स्टॅंडवर उतरून बघितलं. कंडक्टर वैतागला. म्हणला, "काका, गाडी तुमच्यासाठी लावू का इथंच?" मी म्हणलं, लाव. भोकरला जायचं म्हणत व्हती ना, मंग ती नांदेडच्या रस्त्यालाच असणार, असं मी ठासून सांगितलं. सगळ्यांनी तेच मानलं. पोलिसात तक्रार दिली, मोबाईलवर फोटो फिरवला, अन् सगळा तपास नांदेडकडच्या बाजूला.

दोन रात्री गेल्या. थंडी अशी की गल्लीतली कुत्री बी शेकोटीजवळून हलंनात. आक्काच्या अंगावर नुसतं लुगडं, शाल खुंटीला तशीच. कुणी तोंडानं बोलत नव्हतं, पण तिसरी रात्र तिच्यानं निघणार न्हाई हे सगळ्यांना कळत व्हतं.

त्या दिवशी माझा गुडघा एवढा सुजला की धोतरात मावंना. मिलिंद म्हणला, "आबा, तुम्ही आज घरीच बसा."

"तू मला हुकूम सोडतो व्हय?"

"हाव. सोडतो. एक म्हातारं हुडकताना दुसरं हरवलं तर मी काय करू?"

तो अन् सूनबाई गाडी घेऊन नांदेडकडं गेले. घरी मी अन् प्रज्ञा. मोबाईलवर फिरत व्हता त्या फोटोखाली तिचा नंबर दिलेला, म्हून तिनं फोनजवळ थांबायचं ठरलं. दुपारी बघतो तर ही पोरगी पलंगावर मांडी घालून हातातल्या खेळाच्या यंत्रावर बटनं दाबून राहिली. दोन्हीकडून धरायचं, मधी टीव्हीवानी काच. माझं डोकं फिरलं.

"आत्या-आजी तिकडं थंडीनं मरायली अन् तुला खेळ सुचतो?"

तिनं वर बघितलं. डोळे रडून लाल झालेले. म्हणली, "आबा, सकाळपासून त्या फोनकडं बघत बसलेय. वेड लागायची पाळी आलीय. ह्यात वाचावं लागतं, तेवढंच डोकं जागेवर राहतं."

मंग तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हणलं, मोठ्यानं वाच, मला बी डोकं हाय.

तो खेळ म्हंजे पळापळी न्हाई, गोळीबार न्हाई. चित्रातली गोष्ट. चित्र जागचं हलत न्हाई, खाली अक्षरं येतात, वाचून झालं की बटन दाबायचं, मंग पुढचं. मधी मधी तो आपल्याला इचारतो, आता काय करायचं, आपण सांगायचं. गोष्ट खुनाची. डोंगरावर एक मोठा बंगला, बाहेर पाऊस, रस्ता खचलेला, आत पाव्हणे अडकलेले. प्रज्ञा इंग्रजी वाचून मराठीत सांगत व्हती. त्यांची नावं माझ्या ध्यानात राहिनात, म्हून मी माझी नावं ठेवली. मिशावाल्याला सर्कल म्हंजे तलाठ्याचा साहेब, चष्मेवालीला नर्सबाई. तपास करणारा पोरगा व्हता त्याला काहीच नाव दिलं न्हाई, त्याची लायकी नव्हती. जिथं तिथं हात लावायचा.

"हात लावून राहिला बघ! पंचनामा न्हाई, पंच न्हाई!"

"आबा, गेम आहे ओ."

"खेळात बी पद्धत पायजे."

मंग बंगल्याची मालकीण मेली. पांढऱ्या केसांची म्हातारी. खिडकीजवळ खुर्चीत बसल्या बसल्या, मान एका बाजूला, हात मांडीवर. चहात विष घातलेलं. कुणीतरी किंचाळलं, सगळे धावत आले, बघितलं, अन् प्रज्ञा वाचते काय... सगळे खालच्या बैठकीत जातात.

"सगळे?"

"हो."

"मयताजवळ कोण?"

"कोणी नाही."

मी तिचा हात धरला. म्हणलं, थांब. बटन दाबू नको.

आता हे नीट सांगितलं पायजे. गावात कुणी बेवारस मेलं, विहिरीत सापडलं, फास घेतला, की पोलीस येईपर्यंत मयताजवळ बसायचं काम कोतवालाचं. कधी दुपार, कधी दिवसभर. माझ्या बापानं मला हे काम शिकवलं. मयताकडं तोंड करून बसायचं. नजर काढायची न्हाई. काही खायचं न्हाई. अन् कुणी येऊन 'ताबा घेतला' म्हणल्याबिगर उठायचं न्हाई. ह्यात जादूटोणा काही न्हाई, कुत्री येतात, कावळे येतात, कुणी अंगावरचं काढून नेतं. पण बाप अजून एक म्हणायचा. त्याला आता कुणीच न्हाई, तवा आपण हाव, एवढं त्याला कळलं पायजे. मी कधी कुणाला एकटं सोडलं न्हाई.

"म्हातारीला एकटी टाकून चहा प्यायला गेले," मी म्हणलं. "कुणाला तरी बसव तिथं."

"तसा ऑप्शनच नाहीये, आबा. पुढं गेल्याशिवाय पोलीस येत नाहीत."

"मंग मी बसतो."

प्रज्ञा माझ्याकडं बघत राहिली. हसली असती, पण माझं तोंड बघून हसली न्हाई. तिला बी कळलं असंल, मी कुठल्या म्हातारीचं बोलून राहिलो. तेवढ्यात फोन वाजला. कुणीतरी उदगीरहून म्हणत व्हतं की अशी एक बाई बघितली. ती उठली, यंत्र माझ्या हातात दिलं, अन् आवाजाचा त्रास नको म्हून तिचं ते कानाला लावायचं हेडफोन माझ्या डोक्यात अडकवलं. गुलाबी. वर मांजरीचे दोन कान. मी म्हणलं, हे काय सोंग. म्हणली, "बसा ओ, पाऊस ऐकू येईल." अन् गॅलरीत गेली.

मी खुर्ची घेतली, यंत्र मांडीवर उभं धरलं अन् बसलो. कानात पाऊस पडून राहिला. समोर म्हातारी. तिच्या मागं खिडकी, खिडकीला जाड पडदा. पडदा व्हता, हे मला पक्कं याद हाय.

किती येळ गेला सांगता येत न्हाई. पयल्यांदा ध्यानात आलं ते हे, की पाऊस थांबला. कानात काहीच न्हाई. नंतर दिसलं की पडदा न्हाई. खिडकी उघडी, अन् बाहेर ऊन. आपलं ऊन, हिवाळ्यातलं, पिवळं. एक ट्रॅक्टरची ट्रॉली, चाकं काढलेली, विटांवर टेकवलेली. तिच्यामागं अर्धवट भाजलेल्या विटांचा ढीग, त्यावर गवत वाळलेलं. निळ्या पत्र्याची एक खोली, एका बाजूचा पत्रा लोंबलेला. अन् त्या खोलीच्या दारात, पाय लांब करून, आक्का.

हिरवं लुगडं. तेच. हरभऱ्याचा ढाळा मांडीवर, अन् एक एक घाटा सोलून तोंडात टाकून राहिली. मधीच वर बघायची. माझ्याकडंच.

मला ओरडायला पायजे व्हतं. पोरीला हाक मारायला पायजे व्हती. पण माझ्या अंगात ती जुनी सवय, नजर काढायची न्हाई. मला वाटलं, डोळा हलवला की ती जाईल. पापणी बी मोठ्या कष्टानं मिटत व्हतो. छातीत असं भरून आलं... भीती म्हणू नका. भीती मला माहीत हाय, ती पोटात येते. हे निराळं. मोठ्या धरणाच्या भिंतीवर उभं राहून खाली पाणी बघावं, तसं. आपण लई लहान हाव, अन् तरी कुणीतरी आपल्याला उभं राहू दिलंय.

मंग तिनं ढाळा बाजूला ठेवला, पदर अंगावर ओढला अन् कुशीवर आडवी झाली. माझ्या मनात आलं, मी आजपर्यंत जिवंत माणसाची राखण केली न्हाई. ज्याच्यासमोर बसलो ते मेलेलंच व्हतं. मंग ही? पण नजर काढली न्हाई.

खांद्यावर हात पडला. प्रज्ञा. म्हणली, "आबा, उदगीरची बाई दुसरीच निघाली."

मी तसंच बघत म्हणलं, "खिडकीत बघ. आक्का हाय."

ती वाकली. "पडदा आहे, आबा."

"मला दिसून राहिली. मला जायचंय. पण ताबा घेतल्याबिगर मी उठणार न्हाई."

कुणी दुसरं असतं तर म्हणलं असतं, म्हातारा बी कामातून गेला. माझी नात माझ्यासमोर येऊन बसली, यंत्र दोन्ही हातांनी धरलं, त्याच्याकडं तोंड केलं अन् म्हणली, "घेतला ताबा. जा तुम्ही."

मी उठलो. उठता उठता शेवटचं बघितलं तर पडदा, म्हातारी, अन् कानात पाऊस. हेडफोन काढून तिच्याजवळ ठेवलं.

खालच्या मजल्यावर रफिक राहतो, त्याचा टेम्पो हाय. जेवायला बसला व्हता. मी काही खुलासा केला न्हाई, फक्त सांगितलं की अशी अशी जागा हाय, चाकं नसलेली ट्रॉली, निळा पत्रा, एक बाजू लोंबलेली. घास तसाच हातात धरून तो म्हणला, "चाचा, वो तो बंद पडलेली भट्टी हाय. मुरूडच्या अलीकडं. मी विटा आणायचो की तिथून. तुम्ही कवा गेलता?"

"मी मुरूड बघितलं न्हाई अजून."

"मंग?"

"आधी हात धू. मंग इचार."

गाडीत बसल्यावर मिलिंदचा फोन. मी मुरूडकडं निघालो म्हणलं. म्हणला, "आबा, मी इकडं नांदेडच्या स्टॅंडवर हाय अन् तुम्ही उलट्या दिशेला कुठं निघालात? कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी म्हणलं, "तू तुझं बघ, मी माझं बघतो," अन् फोन रफिकच्या हातात दिला. त्याला तरी काय सांगता येणार व्हतं.

रस्त्यापासून आत कच्च्या वाटेनं गेलो. दोन्हीकडं हरभरा. दिवस कलला व्हता. ट्रॉली दिसली तवा रफिकनं गाडी थांबवली अन् माझ्याकडं बघितलं. मी उतरलो. पाय चालंना तरी चाललो. विटांचा ढीग, वर वाळलेलं गवत. निळा पत्रा, वाऱ्यानं हलून राहिला. खोलीच्या दारात हिरवं लुगडं, कुशीवर, हालचाल काही न्हाई. बाजूला घाट्यांची टरफलं.

मी जवळ गेलो. हात लावायची हिंमत झाली न्हाई. जे येतं तेच केलं. समोर जमिनीवर बसलो, तिच्याकडं तोंड करून.

रफिक मागं रडायला लागला. "या अल्ला, चाची..."

अन् आक्कानं एक डोळा उघडला.

"किशा, उठ की आता," म्हणली. आवाज अगदी बारीक. "कवाचा बसलास. पाय आखडत न्हाईत का तुझे?"

मी तसाच पुढं सरकलो.

"तू व्हतास समोर म्हून मी गेले न्हाई कुठं. जायचं व्हतं, रस्ता दिसत व्हता. म्हणलं, किशा बसलाय, त्याला टाकून कसं जावं." मंग माझ्या डोक्याकडं बघितलं अन् दात नसलेल्या तोंडानं हसली. "मांजरीचे कान काढलेस? बरं केलंस. येड्यासारखा दिसत व्हतास."

रफिकनं हे कानानं ऐकलंय. त्याला कान बीन काही माहीत नव्हतं, तो मला इचारतो, "कौनसे कान, चाचा?" आम्ही दोघांनी तिला उचललं. तिचं वजन असं, जसं नुसतं लुगडंच उचललं. अंग गार, पण छातीत धुगधुगी.

लातूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणले, आजची रात्र बाहेर काढली असती तर उपयोग नव्हता. सलाईन लागली, गरम ब्लॅंकेट, दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं भात मागितला अन् भाताला मीठ न्हाई म्हून सूनबाईला शिव्या दिल्या. मिलिंद भिंतीला टेकून खाली बसला अन् लहान लेकरावानी रडला.

ती सापडली त्याच रात्री मी घरी आलो तर प्रज्ञा त्याच जागेवर. यंत्र चार्जरला लावलेलं, हातात धरलेलं, नजर चित्रावर. फोनवर तिला कळलं व्हतं आक्का सापडली म्हून, गालावरून पाणी वाहून राहिलं, तरी उठली न्हाई. म्हणली, "तुम्ही ताबा घ्या आधी." मी घेतला. तवा ती उठली.

नंतर सगळ्यांनी आपापली अक्कल चालवली. मिलिंद म्हणतो, आबा, तुम्ही कधीतरी बसमधून ती भट्टी बघितली असंल, इसरला असाल. मी मुरूडच्या रस्त्याला पाऊल टाकलं नव्हतं, अन् इसर आक्काला पडलाय, मला न्हाई. शेजारची बाई म्हणली, देवानं वाट दाखवली, नारळ फोडा. तिला मी दारातूनच परत पाठवलं. प्रज्ञानं म्हणून बघितलं की यंत्राच्या काचेत समोरच्या गॅलरीचं काहीतरी चमकलं असंल. मी म्हणलं, समोरच्या गॅलरीत बादली हाय अन् तुळस हाय. ती ट्रॉली कुठून आली? तिनं हा खेळ खेळणाऱ्या अजून पोरा-पोरींना इंटरनेटवर इचारलं. सगळ्यांच्या चित्रात तिथं पडदाच हाय. उघडत न्हाई. गोष्टीत पुढं बी कुठं उघडत न्हाई.

बरं, मला दिसलं ते माझ्या डोक्यातलं समजा. म्हातारा माणूस, झोप न्हाई, काळजी. मी हे बी मानायला तयार हाव. पण मंग आक्काला मी कसा दिसलो? तिनं ते हेडफोन कधी बघितलं नव्हतं. ते प्रज्ञानं आक्का हरवल्यावर दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडून आणलेलं. अन् भट्टीवर तिच्यासमोर खिडकी न्हाई, काच न्हाई, कुणी दिसावं असं काहीच न्हाई. मी नंतर रफिकला घेऊन जाऊन बघून आलो. ती जिकडं बघत व्हती तिकडं नुसता हरभरा, आडवा, क्षितिजापर्यंत.

आक्काला इचारलं तर म्हणते, "कुठली भट्टी? मी तर भोकरला जाऊन आले." तिच्यापुरतं प्रकरण मिटलं.

मी मानत न्हाई ते अजून बी मानत न्हाई. नारळ फोडला न्हाई, फोडणार न्हाई. ज्यांना ह्याचा उलगडा ठाऊक असंल त्यांनी सांगावा, मी ऐकून घेईन अन् पटला न्हाई तर तोंडावर सांगेन. मला एवढंच माहीत हाय... सारी उमर मी मेलेल्यांसमोर बसलो. विहिरीतले, झाडावरचे, रस्त्यावरचे. ताबा दिला अन् घरी आलो, त्यातलं कुणी उठलं न्हाई. ही एकच उठली, अन् मला म्हणली, उठ की आता.